मत द्यायची लायकी कोण ठरवणार? विसाव्या शतकातला मताधिकार

अनवट (धागाकर्ता)

विसाव्या शतकात जग कसं बदललं असा विषय निघाला की बोलणं दोन महायुद्धं, रशियन क्रांती आणि वसाहतींचं स्वातंत्र्य यांच्याभोवतीच फिरतं. या सगळ्याच्या खालून एक बदल शंभर वर्षं होत राहिला. त्याच्याबद्दल बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

१९०० साली जवळपास सगळीकडे हे गृहीत होतं की मत द्यायला माणूस त्या लायकीचा असावा लागतो. लायकीची मापं देशागणिक वेगळी. कुठे जमीन, कुठे भरलेला कर, कुठे लिहितावाचता येणं, कुठे कातडीचा रंग. बाई असेल तर जवळपास कुठेच प्रवेश नाही. न्यूझीलंडने १८९३ मध्ये बायकांना मत दिलं, पण निवडणुकीला उभं राहायची मुभा त्यांना १९१९ मध्ये मिळाली. ऑस्ट्रेलियाने १९०२ मध्ये बायकांना दोन्ही हक्क एकदम दिले आणि त्याच कायद्याने तिथल्या बहुतेक मूळ रहिवाशांना यादीबाहेर ठेवलं. केंद्रीय निवडणुकीत त्यांना सरसकट मत मिळायला १९६२ उजाडलं. फिनलंडने मात्र १९०६ मध्ये दोन्ही हक्क दिले आणि पुढच्याच वर्षी तिथे १९ बायका निवडून आल्या.

जर्मनीतलं सर्वात मोठं राज्य म्हणजे प्रशिया, त्याची पद्धत मला सर्वात बोलकी वाटते. १८४९ पासून १९१८ पर्यंत तिथे कराच्या रकमेवरून मतदारांचे तीन वर्ग पाडत. प्रत्येक वर्गाने एकूण कराचा तिसरा हिस्सा भरलेला असे आणि तिन्ही वर्गांचं वजन सारखं. म्हणजे वरच्या मूठभर धनाढ्यांचा शब्द आणि खालच्या सगळ्या कामकऱ्यांचा मिळून शब्द एकाच तोलाचा. त्यात मतदान गुप्त नव्हतं, सर्वांसमक्ष तोंडाने सांगायचं. जमीनदाराचा माणूस समोर उभा असताना त्याच्या शेतावर राबणारा काय सांगणार?

लोकशाहीचं माहेर म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो त्या ब्रिटनमध्ये १९१८ पर्यंत सुमारे ४० टक्के पुरुषांनाच मत नव्हतं. १९१८ च्या कायद्याने २१ वर्षांवरच्या पुरुषांना ते मिळालं, बायकांना मात्र तिशीची आणि शिवाय मालमत्तेची अट. तिशी का, तर लाखो तरुण युद्धात मेले होते आणि वय सारखं ठेवलं असतं तर बायका बहुसंख्य झाल्या असत्या. युद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या मुलींपैकी बहुतेक जणी तिशीच्या आतल्या होत्या. ज्यांच्या श्रमाचा दाखला देऊन कायदा झाला, त्यांनाच तो लागू नव्हता. वय सारखं झालं १९२८ मध्ये. आणि विद्यापीठाचे पदवीधर व धंद्याची जागा बाळगणारे यांना दुसरं जादा मत असे, ते काढायला १९४८ लागलं.

आता आपल्याकडे. १९१९ च्या सुधारणांत मत मिळालं ते मुख्यतः ठरावीक शेतसारा, घरभाडं किंवा प्राप्तिकर भरणाऱ्यांना. १९३५ च्या कायद्याने यादी वाढून तीन कोटींच्या पुढे गेली, तरी बहुसंख्य प्रौढ बाहेरच. १९४६ च्या प्रांतिक निवडणुका याच मर्यादित यादीवर झाल्या आणि त्या विधिमंडळांनी संविधान सभा निवडली. म्हणजे आपली संविधान सभा स्वतः मालमत्तेच्या आणि शिक्षणाच्या अटींतून जन्माला आली होती. तिने कलम ३२६ लिहिलं: २१ वर्षांचा प्रत्येक नागरिक मतदार. जमीन नको, कर नको, शाळा नको, नवऱ्याचं नाव नको.

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार १७ कोटी ३० लाखांच्या आसपास, त्यातले सुमारे ८५ टक्के निरक्षर. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की वाचता न येणारा माणूस आपला उमेदवार ओळखणार कसा. उत्तर निघालं ते असं: प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. त्यासाठी सुमारे २० लाख लोखंडी पेट्या बनवल्या गेल्या. मतदारात उणीव शोधण्याऐवजी व्यवस्था मतदाराच्या मापाची केली गेली, हे मला फार मोठं वाटतं.

माझा मुद्दा हा आहे. बहुतेक जुन्या लोकशाह्यांनी लायकीच्या अटी एकेक करून, पिढ्या घेऊन काढल्या. आपण त्या एका कलमात काढल्या, देश फाळणीतून जेमतेम सावरत असताना. याला आपण अजून पुरेसं महत्त्व देत नाही. तुमची मतं वाचायला आवडतील.

रानजाई

उत्तम विषय. एक बाजू जोडते, कारण "एका कलमात" असं लिहिलं की आधीची तीस-पस्तीस वर्षं दिसेनाशी होतात.

१८ डिसेंबर १९१७ रोजी मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि मताधिकार मागितला. तेव्हा ब्रिटनमध्येही बायकांना मत नव्हतं, कायदा दोन महिन्यांनी झाला. त्यानंतर मत कोणाला द्यायचं हे ठरवायला ब्रिटिशांनी नेमलेल्या साउथबरो समितीने इथली समाजस्थिती पुढे करून मागणी नाकारली आणि शेवटी निर्णय प्रांतांवर सोपवला गेला. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये बायकांवरची बंदी उठवली. मुंबई प्रांतातल्या या मागणीत रमाबाई रानडे होत्या. अर्थात मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे प्रत्यक्षात फार थोड्या जणी मतदार झाल्या.

१९३५ च्या कायद्यात आणखी एक वाट निघाली: मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या माणसाची बायको म्हणून मत. याला इथल्या अखिल भारतीय स्त्रीसंघटनांचा विरोध होता, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांची मागणी सरळ होती की प्रौढ मताधिकार द्या, नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून आमचं नागरिकत्व मोजू नका. पदरात पडेल ते घ्या आणि गप्प बसा, असा सल्ला त्यांना कमी मिळाला नसेल.

आणि पहिल्या निवडणुकीचं कौतुक करताना हा आकडाही सांगायला हवा. मतदारयाद्या करायला घरोघर माणसं गेली तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच. सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं. नाव नोंदवायला मुदतवाढ दिली, तरी शेवटी सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या.

या निर्णयावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या २८ लाख जणींवर अन्याय झाला, हे खरंच. पण "अमक्याची बायको" ही नोंद मान्य झाली असती तर ती पुढे पन्नास वर्षं तशीच राहिली असती, असं मला वाटतं. सेन यांनी योग्य केलं या मताची मी आहे, दुखत असूनही.

तळटीप

लेख आवडला, पण धागाकर्त्याने कारणांना फार कमी जागा दिली आहे. मत कोणी कोणाला उदार मनाने दिलं असं विसाव्या शतकात फारसं दिसत नाही.

सालं बघा. रशिया १९१७, ब्रिटन १९१८, जर्मनीत १९१८ च्या नोव्हेंबरात राजेशाही कोसळल्याबरोबर घोषणा आणि १९१९ च्या जानेवारीत बायकांचं पहिलं मतदान, अमेरिका १९२०. हा पहिला घोळका. दुसरा घोळका: फ्रान्स १९४४, जपान १९४५, इटलीत १९४६. दोन्ही घोळके महायुद्धांच्या शेवटाला. सक्तीने सैन्यात भरती करून माणसं खंदकात पाठवली की परत आलेल्याला "तुझ्याकडे मालमत्ता नाही, सबब मत नाही" असं सांगणं कुठल्याही सरकारला जड जातं. त्यात रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडला, क्रांतीत काय झालं ते सगळ्या युरोपने पाहिलं होतं. तिथे सुरुवातच ८ मार्च १९१७ ला रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी केली होती.

हेतू तर कधीकधी सरळ वाईट असे. दक्षिण आफ्रिकेत १९३० मध्ये गोऱ्या बायकांना मत मिळालं. फक्त गोऱ्या. केप प्रांतात त्या वेळी मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांना मत होतं, त्यांचं वजन गोरे मतदार वाढवून कमी करायचं हा त्यातला हिशेब. सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्या कृष्णवर्णीयांची नावं सामायिक यादीतून काढूनच टाकली. १९५६ मध्ये मिश्रवर्णीयांची काढली.

म्हणून भारताचं वेगळेपण मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतं. इथे कलम ३२६ लिहिताना कुणाचं वजन कमी करायला कुणाला आत घेतलं, असा हिशेब नव्हता.

दुपारतिपार

सगळं मान्य, तरी एक प्रश्न मनापासून विचारतो. गाडी चालवायला परवाना लागतो, वकिली करायला सनद लागते. मग देश कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवायला किमान दहावी असावं, असं म्हटलं तर त्यात वाईट काय? मला कुणाला हिणवायचं नाही. माहिती नसलेला मतदार सहज फसवला जातो असं मला दिसतं, त्या काळजीने विचारतोय.

चांदणचुरा

दुपारतिपार, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर लिहितो. हा प्रयोग होऊन गेलेला आहे आणि त्याचा निकालही हाताशी आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेने १८७० मध्येच सांगितलं होतं की वंशावरून मत नाकारता येणार नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी मग वंशाचं नाव न घेता अटी घातल्या. मिसिसिपीने १८९० मध्ये मत द्यायला कर लावला आणि वाचनाची परीक्षा आणली: राज्यघटनेतला उतारा वाचा, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगा. कुठला उतारा द्यायचा आणि सांगितलेला अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी अधिकारी. गोऱ्या शेतमजुराला एक ओळीचं कलम मिळे, काळ्या शिक्षकाला करप्रणालीवरचं.

फॅनी लू हेमर कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या. ऑगस्ट १९६२ मध्ये नाव नोंदवायला गेल्या तर त्यांना 'वस्तुतः लागू कायदे' (de facto, म्हणजे कागदावर नसूनही व्यवहारात चालणारे) या संकल्पनेवरचं कलम समजावून सांगायला लावलं. नापास. त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने त्यांना, १८ वर्षं काम केलेल्या त्या मळ्यावरून घालवलं. त्यांनी पुढे नाव नोंदवलंच आणि नागरी हक्क चळवळीतला एक मोठा आवाज झाल्या. ७ मार्च १९६५ ला सेल्मा गावच्या पुलावर शांतपणे चालणाऱ्या लोकांना पोलिसांनी झोडपलं, ते देशभर टीव्हीवर दिसलं आणि ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला. ज्या भागात हा अन्याय रुळला होता तिथल्या परीक्षा बंद झाल्या. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या काळ्या प्रौढांचं प्रमाण कायद्याआधी ७ टक्क्यांच्याही खाली होतं, ते दोन वर्षांत ६० टक्क्यांच्या जवळ गेलं. एवढ्या काळात लोक काही अचानक सुशिक्षित झाले नव्हते.

आणखी एक. मत नसलेल्याच्या मुलांना शाळा कोण देणार? मिसिसिपीत काळ्यांच्या शाळांवर खर्च नगण्य ठेवायचा, आणि शिक्षण नाही म्हणून मत नाकारायचं, हे दोन्ही एकच सरकार करत होतं. दहावीची अट आपण १९५० मध्ये घातली असती तर शाळा काढायची घाई कुठल्या आमदाराला झाली असती?

अनवट (धागाकर्ता)

चांदणचुरा यांच्या प्रतिसादाला जोडून आपल्याकडचं.

हा प्रश्न संविधान सभेतही होता. २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात राजेंद्रप्रसादांनी तो समोर घेतला. मी खेड्यातला माणूस आहे, या लोकांना मी ओळखतो, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांना लिहितावाचता येत नसेल, पण नीट समजावून दिलं तर स्वतःचं आणि देशाचं हित कशात आहे हे त्यांना कळतं, असा त्यांचा विश्वास होता. त्यांना खंत वेगळीच वाटत होती: कायदे करणाऱ्या सदस्यांसाठी पात्रता ठेवता आली नाही याची. तीन दिवस आधी अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनीही सामान्य माणसावरच्या विश्वासातून हा निर्णय घेतल्याचं सांगितलं होतं. हे दोघेही निष्णात वकील, विद्वान. शिक्षणाचं मोल त्यांना आपल्यापेक्षा कमी कळत होतं असं नाही.

दुपारतिपार, फसवला जाण्याचा मुद्दा खरा आहे. पण गेल्या शतकातल्या सर्वात मोठ्या फसवणुकी बघा. १९३० च्या दशकातला जर्मनी जगातल्या सर्वात साक्षर देशांपैकी होता.

कातळ

इतकी चर्चा झाली आणि बाबासाहेबांचं नाव अजून आलं नाही.

१९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीसमोर त्यांनी साक्ष दिली तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी तिथे मांडलं ते आजही वाचावं असं आहे. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारी अधिकारपद धारण करायचा हक्क, हे नागरिकत्वाचे दोन सर्वात महत्त्वाचे हक्क आहेत, आणि अस्पृश्यतेने माणसाला या दोहोंपासून तोडलं आहे. ज्या जातीला जमीन घेऊ दिली जात नाही, धंदा करू दिला जात नाही, तिच्यावर मालमत्तेची अट लावली की ती अख्खी जात बाहेर राहते, नाव न घेता. चांदणचुरा यांनी मिसिसिपीचं जे सांगितलं तेच. म्हणून अस्पृश्यांसाठी अट खाली आणा, अशी त्यांची मागणी होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे दिलेल्या निवेदनात तर थेट प्रौढ मताधिकार मागितला. त्याच वर्षी नेहरू अहवालानेही तो मागितला, पण राखीव जागांबाबत दोघांचं जमलं नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

एकाला एक मत दिलं म्हणजे सगळ्यांचा आवाज सारखा झाला का? गावात शंभर घरं, त्यात दहा महारवाड्यातली. दहांची मतं मोजली जातील आणि दर वेळी हरतील. ब्रिटिश सरकारच्या १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडायचे, गांधीजींनी उपोषण केलं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण निवड संयुक्त मतदारांकडे गेली. जागा दुपटीहून जास्त झाल्या हे सगळे सांगतात. त्या जागेवर कोणता माणूस बसणार हे ठरवणारे बहुसंख्य मतदार दुसरेच, हे फारसं कुणी सांगत नाही. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत स्वतः बाबासाहेब पडले, हे विसरू नका.

२५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं भाषण बहुतेकांना ठाऊक असेल: २६ जानेवारीला आपण विसंगतीने भरलेल्या जीवनात प्रवेश करतो आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. धागाकर्त्याचा आनंद मला समजतो, मला स्वतःलाही तो आहे. पण कलम ३२६ ची गोष्ट या भाषणाशिवाय सांगू नये असं मला कळकळीने वाटतं.

अनवट (धागाकर्ता)

कातळ, पूर्ण सहमत. फक्त एक पुढची गोष्ट मांडतो, विरोध म्हणून नाही. विषमता गेली नाही, पण मत आल्यावर तिच्याशी भांडायची जागा बदलली. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, त्याला खरे दात आले १९५६ च्या दुरुस्तीने, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कूळ जमिनीचा मालक मानला गेला. तोवर दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि कूळ मतदार होतं. शेतसाऱ्यावर निवडून आलेल्या विधिमंडळाने हे केलं असतं असं मला वाटत नाही. या कायद्याचा फायदा ज्याच्याकडे कूळ म्हणून जमीन होती त्यालाच झाला आणि भूमिहीन मजूर, म्हणजे पुष्कळसे दलित, कोरडेच राहिले, हे तुमच्या बाजूने जाणारं आहे.

पाणपोई

स्वित्झर्लंडचं नाव अजून नाही, म्हणून थोडक्यात. तिथे घटना बदलायची तर सार्वमत लागतं, आणि सार्वमतात मत फक्त पुरुषांना. १९५९ मध्ये विचारलं, दोन-तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं. ७ फेब्रुवारी १९७१ ला परत विचारलं, तेव्हा साधारण तितक्याच प्रमाणात हो म्हटलं. आपेन्झेल इनररोडेन या छोट्या कँटनचे (तिथल्या घटक राज्याचे) पुरुष तरीही स्थानिक मतदानात बायकांना घ्यायला तयार नव्हते. १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा झालं. राजीव गांधींची कारकीर्द संपून गेली होती, एवढं अलीकडचं हे.

प्रत्येक प्रश्न जनतेला विचारून सोडवावा असं मलाही एके काळी वाटे. पण ज्यांच्या हाती हक्क आहे त्यांनाच "वाटून द्याल का" असं विचारायची वेळ आली की किती काळ जातो, ते इथे दिसतं.

सांजवेळ

वसाहतींकडेही बघा. फ्रान्सने १९४४ मध्ये आपल्या बायकांना मत दिलं. त्याच फ्रान्सने १९४७ मध्ये अल्जीरियासाठी विधानसभा केली: १२० जागा, ६० युरोपीय गटाच्या आणि ६० मुस्लिम गटाच्या. मुस्लिम लोकसंख्या युरोपीयांच्या आठपट-नऊपट होती. प्रशियाचीच युक्ती, फक्त कराऐवजी धर्म आणि वंश. अल्जीरियातल्या मुस्लिम बायकांना मत मिळालं १९५८ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर चार वर्षांनी.

आणि आशियात आपल्या आधी श्रीलंका. ब्रिटिशांच्या डोनमोर आयोगाच्या शिफारशीवरून सिलोनला (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) १९३१ मध्येच प्रौढ मताधिकार मिळाला, बायकापुरुष दोघांना, २१ व्या वर्षी. स्वातंत्र्य मिळालं १९४८ मध्ये आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांवरच्या बहुसंख्य भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचं नागरिकत्व गेलं, पुढच्या वर्षी मतही. परकी सत्तेखाली मतदार असलेला माणूस स्वतंत्र देशात मतदार राहिला नाही.

तळटीप

सांजवेळ यांचा शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. केप प्रांत १९३६, सिलोन १९४९, मिसिसिपी १८९०. मिळालेलं मत काढून घेता येतं, आणि दर वेळी ते कायदेशीरपणे, निवडून आलेल्या लोकांनीच काढून घेतलं आहे.

मत ठेवून त्यातला जीव काढून घेणंही झालं. सोव्हिएत रशियाच्या १९१८ च्या पहिल्या घटनेने धर्मगुरू, झारच्या काळचे पोलीस, नफ्यावर माणसं राबवणारे अशांचं मत काढलं होतं. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेने ते परत दिलं, सगळ्यांना समान आणि गुप्त. कागदावर त्या वेळच्या अमेरिकेच्या पुढे. उमेदवार मात्र प्रत्येक जागेला एक.

दुपारतिपार

चांदणचुरा, अनवट, दोघांचे आभार. मिसिसिपीचं एवढ्या तपशिलाने वाचलं नव्हतं. परीक्षा कोण घेणार हा प्रश्न माझ्या मांडणीत नव्हता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माहितीची काळजी कायम आहे. ती शाळा आणि वर्तमानपत्रांच्या अंगाने सोडवावी लागेल, मतदारयादीच्या अंगाने नाही, इथवर आलो आहे.

रानजाई

मग आज आपल्याकडे यादीबाहेर कोण आहे, हेही विचारू या का? वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. मधली जवळपास चाळीस वर्षं अठरा-वीस वर्षांची मुलं सैन्यात चालत होती, त्याच वयाच्या मुली लग्नाला चालत होत्या, मताला कुणीच चालत नव्हतं.

चांदणचुरा

तुरुंगातले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे कैदेत असलेल्याला मत देता येत नाही, आणि त्यात खटला सुरू असलेले कच्चे कैदीही आले. गुन्हा सिद्ध झालेला नाही, जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत, आणि म्हणून मत नाही. तोच गुन्हा लागलेला आणि जामीन भरलेला माणूस मतदान केंद्रावर रांगेत उभा राहू शकतो. आपल्या तुरुंगांत बहुसंख्य कैदी कच्चे आहेत, हे धरून विचार करा.

कातळ

आणि हंगामी स्थलांतर करणारे. नाव गावच्या यादीत, माणूस कारखान्याच्या थळावर. बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात निवडणूक लागली तर कोयता टाकून, दोन दिवसांची मजुरी बुडवून, मुकादमाची परवानगी काढून गावी यायचं किंवा मत सोडायचं. कायद्याने त्यांना कुणी अडवलेलं नाही. सैनिकाला टपालाने मत पाठवायची सोय आहे, तशी यांच्यासाठी काही करता येईल का, यावर इथे निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षक किंवा तलाठी मंडळींनी लिहावं. याद्या ते जवळून बघतात.